पत्त्याची वही कुणाच्या खिशात?

जून २०२०. लॉकडाऊनमुळे पुण्यातली रूम सोडून मी सोलापूरला घरी आलो होतो. नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं. घरात टेबल म्हणावं अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे आईचं शिलाई मशिन. त्याच्यावर लॅपटॉप ठेवून काम चालायचं. त्या रात्री अकराच्या सुमारास मी आमच्या एका वेबसाइटवरच्या ४७ ऑर्डर्स डिलीट केल्या. त्या चाचणीच्या होत्या. निदान मला तसं वाटत होतं.

दहा-बारा मिनिटांनी फोन वाजला. गोदामातल्या माणसांच्या स्क्रीनवरून खऱ्या ऑर्डर्स गायब झाल्या होत्या.

झालं काय होतं ते आधी सांगतो. आमचा खरा सर्व्हर वेगळा आणि चाचणीचा वेगळा, पण वेबसाइटचं नाव एकच. चाचणी करायची असेल तेव्हा आम्ही आपापल्या लॅपटॉपमध्ये ‘होस्ट्स’ नावाच्या छोट्या फाइलीत एक ओळ लिहायचो : या नावाचा पत्ता हा, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरचा. मग ते नाव टाकलं की आपला लॅपटॉप चाचणीच्या सर्व्हरकडे जायचा, बाकीचं जग खऱ्या सर्व्हरकडे. पुण्याच्या ऑफिसात मी हे कितीतरी वेळा केलं होतं. त्या रात्रीही ओळ लिहिली. खात्री म्हणून नावाला पिंग केलं. उत्तरात पत्ता चाचणीच्या सर्व्हरचाच आला. मग ब्राउझर उघडला. चाचणीचा डेटा खऱ्या डेटाची नक्कल असल्यामुळे दोन्ही पानं सारखीच दिसायची. मी निवांतपणे डिलीट केलं.

पुढचे तीन तास मी सगळ्यांना एकच सांगत होतो, “मी चाचणीच्या सर्व्हरवरच होतो. नेटवर्कमध्ये काहीतरी गडबड आहे.” पिंगचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून टाकला. नेटवर्कचं काम बघणाऱ्या दादाला मध्यरात्री उठवलं गेलं. कॉलवर सगळ्यांसमोर त्यानं बोलणी खाल्ली. तो परत परत म्हणत होता की माझ्याकडे काही बदललेलं नाही. त्याचं कुणी ऐकत नव्हतं, कारण पुरावा माझ्याकडे होता.

शेवटी आमच्या टीम लीड मॅडमनी एक साधा प्रश्न विचारला, “तुझा ब्राउझर प्रॉक्सीतून जातोय का?”

जात होता. घरून काम सुरू झाल्यावर कंपनीच्या व्हीपीएनबरोबर ब्राउझरला प्रॉक्सी आपोआप लागली होती. पिंग खरं बोलत होतं आणि ब्राउझरही खरंच बोलत होता. फक्त दोघांनी पत्ता दोन वेगळ्या जणांना विचारला होता.

एका नावाचे दोन पत्ते कसे होऊ शकतात, हे समजायला मला त्यानंतर बरेच महिने लागले. त्यासाठी पन्नास वर्षं मागं जावं लागलं.

सगळ्या जगाची एक फाइल

कॉम्प्युटर एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावं आली. नाव आलं की कुठंतरी एक वही लागते : या नावाचा आकडा कोणता?

आजच्या इंटरनेटचा पूर्वज म्हणजे अमेरिकेतलं अर्पानेट. १९७०च्या दशकात तिथं ही वही अक्षरशः एकच होती. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एक माहिती केंद्र होतं आणि एलिझाबेथ फाइनलर या त्याच्या प्रमुख होत्या. कुणाला नवा कॉम्प्युटर जोडायचा असेल तर या केंद्राला कळवायचं. तिथली माणसं ‘होस्ट्स डॉट टीएक्सटी’ या फाइलीत एक ओळ वाढवायची. मग प्रत्येक ठिकाणच्या कॉम्प्युटरनं ती फाइल उतरवून घ्यायची. सगळं जग एकाच वहीच्या नकला बाळगून होतं.

कॉम्प्युटर थोडे होते तोवर हे निभावलं. पण नवा कॉम्प्युटर आला की वहीही वाढणार आणि ती उतरवून घेणारेही वाढणार. म्हणजे कॉम्प्युटर दुप्पट झाले की नकला वाटण्याचा बोजा चौपट. शिवाय हातातली नक्कल जुनी असेल तर पत्ता चुकणार.

यावर तोड काढली पॉल मोकापेट्रिस यांनी. नोव्हेंबर १९८३ मध्ये त्यांनी डोमेन नेम सिस्टिमचा, म्हणजे डीएनएसचा आराखडा प्रसिद्ध केला. एका मोठ्या वहीऐवजी हजारो छोट्या वह्या, ज्याची त्यानं सांभाळायची. वही जवळ बाळगायची गरज नाही, लागेल तेव्हा विचारायचं. १९८७ मध्ये याचं जे सुधारित रूप आलं, त्यावरच आजचं इंटरनेट उभं आहे.

या हजारो वह्यांपैकी एक आपल्याकडेही होती. ‘डॉट इन’ हे भारताचं आडनाव १९८९ मध्ये नोंदलं गेलं आणि त्याची वही मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत सांभाळली जायची. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट भारतात आलं १५ ऑगस्ट १९९५ला. म्हणजे इंटरनेटच्या सहा वर्षं आधी आपलं आडनाव ठरलं होतं.

पण गंमत अशी की डीएनएस आलं तरी जुनी फाइल मेली नाही. तुमच्या-माझ्या लॅपटॉपमध्ये ती अजून आहे. विंडोजमध्ये ती ‘सिस्टिम ३२’च्या आत खोल कुठंतरी दडलेली असते. नाव शोधताना कॉम्प्युटर साधारणपणे आधी त्या फाइलीत बघतो आणि तिथं नसेल तरच बाहेर विचारतो. म्हणून तर आम्ही तिच्यात एक ओळ लिहून आमच्यापुरतं जग बदलू शकत होतो. स्वतःच्या खिशातली वही, आणि तिला पहिला मान.

तो मान काढून घेणारी गोष्ट १९९४ मध्ये आली.

अडत्या

माझे मामा मोहोळ तालुक्यात कांदा करतात. माल सोलापूरच्या मार्केट यार्डात येतो. लहानपणी एकदा मी त्यांच्याबरोबर पहाटे टेम्पोत बसून गेलो होतो. पोती अडत्याच्या गाळ्यासमोर उतरली, लिलाव झाला, हातात पट्टी पडली आणि आम्ही नाष्ट्याला गेलो. मी विचारलं, “मामा, आपला कांदा आता कुठं जाणार?”

“मला काय माहीत? हैदराबादला जाईल, नाहीतर चेन्नईला. ते अडत्या बघतोय.”

“पण तुमच्याकडं त्या व्यापाऱ्यांचे पत्ते नाहीत?”

“मला कशाला पाहिजेत? मला अडत्याचा गाळा माहीत आहे. बास झालं.”

प्रॉक्सीची इतकी नेमकी व्याख्या मला चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये कुणी सांगितली नाही.

वेबचा जन्म जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत झाला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या संस्था आपल्या नेटवर्कभोवती भिंती बांधायला लागल्या होत्या. बाहेरच्यांना आत येऊ द्यायचं नव्हतं, पण आतल्यांना वेब बघायचं होतं. मे १९९४ मध्ये जिनिव्हात वेबवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथं सर्नचे आरी लुओटोनेन आणि इंटेलचे केव्हिन आल्टिस यांनी वेब प्रॉक्सीवरचा निबंध मांडला. भिंतीत एक खिडकी ठेवायची आणि खिडकीत एक माणूस बसवायचा. आतल्यांनी त्याला सांगायचं, अमुक पान हवंय. तो बाहेर जाऊन आणून देईल. एकदा आणलेलं पान जवळ ठेवेल आणि दुसऱ्यानं मागितलं तर तेच देईल.

याचा तांत्रिक गाभा एका ओळीत आहे. ब्राउझर थेट जातो तेव्हा आधी नावावरून पत्ता काढतो, त्या पत्त्यावर जोडणी करतो आणि मग फक्त पानाचं नाव मागतो. प्रॉक्सी लावली की तो पूर्ण नाव, जसंच्या तसं, प्रॉक्सीच्या हातात देतो. पत्ता काढायचं काम त्याचं राहतच नाही. तो प्रॉक्सीनं करायचं, प्रॉक्सीच्या वहीतून.

हे नकळत घडलेलं नव्हतं. त्या निबंधात हा प्रॉक्सीचा एक फायदा म्हणूनच नोंदवलेला आहे : ज्या कॉम्प्युटरला डीएनएस उपलब्ध नाही त्यालाही वेब वापरता येईल, त्याला फक्त प्रॉक्सीचा पत्ता ठाऊक असला की पुरे. मामांचा अडत्याचा गाळा तो हाच.

आणि फायद्याची दुसरी बाजूही तीच. मामांनी चेन्नईच्या व्यापाऱ्याचा पत्ता स्वतःच्या डायरीत खोडून हैदराबादचा लिहिला, म्हणून कांदा हैदराबादला जाणार नाही. अडत्या मामांची डायरी उघडतच नाही. मी त्या रात्री होस्ट्स फाइलीत लिहिलेली ओळ ही मामांच्या डायरीतली दुरुस्ती होती.

३१२८

खरं तर ही गोष्ट मला आधीच कळायला हवी होती, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर चार वर्षं घडत होती.

मी सोलापुरातच इंजिनिअरिंग केलं, २०१५ ते २०१९. कॉलेजच्या लॅबमध्ये नेट प्रॉक्सीतून यायचं. त्या काळातल्या बहुतेक कॉलेजांचं असंच होतं. लाइन एक, मुलं शेकडो. मग मधे स्क्विड नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर बसवायचं. अमेरिकेतल्या हार्वेस्ट या संशोधन प्रकल्पातून १९९६ मध्ये ते जन्मलं. एकाने उघडलेलं पान दुसऱ्याला जवळूनच मिळायचं आणि लाइन वाचायची. त्याचा पोर्ट नंबर ३१२८. आमच्या बॅचमध्ये पोरांना स्वतःचा रोल नंबर आठवायचा नाही, पण ३१२८ झोपेत विचारला तरी सांगता यायचा.

दुसऱ्या वर्षी नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलला पिंग करायचं होतं. आम्ही एका प्रसिद्ध वेबसाइटचं नाव टाकलं. उत्तर आलं, असं काही नाव सापडत नाही. शेजारच्या खिडकीत तीच वेबसाइट मस्त उघडलेली होती. आम्ही लॅबच्या काकांना बोलावलं. ते म्हणाले, “पिंग प्रॉक्सीला विचारत नाही रे. ब्राउझर विचारतो. तुमच्या मशिनला बाहेरचं एक नाव माहीत नाही.” मशिनमध्ये डीएनएसचा पत्ताच भरलेला नव्हता. ब्राउझरला प्रॉक्सीचा आकडा ठाऊक होता, तेवढ्यावर सगळं चालू होतं. आम्ही मान डोलावली, जर्नलमध्ये दुसऱ्याच्या जर्नलवरून पिंगचं उत्तर उतरवलं आणि चहाला गेलो.

चौथ्या वर्षी मुलाखतीत तो नेहमीचा प्रश्न आला : ब्राउझरमध्ये नाव टाकून एंटर दाबलं की काय काय होतं? मी पाठ केलेलं सांगितलं. आधी कॉम्प्युटर होस्ट्स फाइल बघतो, मग डीएनएसला विचारतो, मग जोडणी. समोरचे खूश झाले. मला नोकरी लागली. ज्या लॅबमध्ये बसून मी हे उत्तर पाठ केलं, तिथल्या एकाही मशिनवर ते खरं नव्हतं.

यात आपल्या पिढीचा अजून एक अनुभव बसतो. २०१६ मध्ये जिओ येण्याआधी आमच्या हातात स्वस्तातले फोन होते आणि त्यांच्यावर ऑपेरा मिनी. डेटा वाचायचा म्हणून सगळे तेच वापरायचे. पानं फोन आणत नव्हता. ऑपेराचे सर्व्हर ती आणायचे, आकसवायचे आणि फोनला पाठवायचे. म्हणजे नावावरून पत्ताही तेच काढायचे. नव्या पेठेत उभं राहून आपण क्रिकेटचा स्कोअर बघायचो आणि त्या वेबसाइटचा पत्ता शोधला जायचा कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर. आपल्याला अडत्या असल्याचंही माहीत नव्हतं.

घरच्या वायफायचं मात्र तसं नाही. राउटर शंभर उपकरणांची बोलणी एका पत्त्यावरून बाहेर पाठवतो, पण नावावरून पत्ता काढायचं काम प्रत्येक फोन स्वतःच सुरू करतो. राउटर हा टपाल पुढं नेणारा आहे, अडत्या नाही. दोघंही मधेच बसतात म्हणून सारखे वाटतात, आणि गोंधळ तिथंच होतो.

कधी तू, कधी मी

अडत्या आहे किंवा नाही, एवढंच असतं तर सोपं होतं. पण १९९६च्या सुमारास गोष्ट गुंतागुंतीची झाली.

ऑफिसातली काही पानं आतच असतात, त्यांच्यासाठी प्रॉक्सीकडे कशाला जायचं? म्हणून नेटस्केप कंपनीनं ब्राउझरसाठी नियमांची एक छोटी फाइल आणली. प्रत्येक नावासाठी ब्राउझर त्या फाइलीला विचारतो : थेट जाऊ की प्रॉक्सीतून? नियम नुसत्या नावावर असेल, म्हणजे ‘या अक्षरांनी संपणारी नावं प्रॉक्सीकडे’, तर पत्ता काढायची गरज नाही. पण नियम आकड्यावर असेल, म्हणजे ‘पत्ता अमुक टापूतला असेल तर थेट’, तर ठरवण्यासाठी लॅपटॉपला स्वतःच आधी पत्ता काढावा लागतो. मग प्रॉक्सीतून जायचं ठरलं तर प्रॉक्सी पुन्हा तोच पत्ता आपल्या वहीतून काढते. एका नावाची चौकशी दोनदा, दोन ठिकाणी, आणि उत्तरं जुळतीलच असं नाही.

सॉक्स नावाच्या प्रॉक्सीच्या दुसऱ्या जातीत तर हे उघडच दिसतं. तिच्या चौथ्या आवृत्तीत फक्त आकडा देता यायचा, म्हणजे पत्ता घरूनच काढून न्यायचा. १९९६ मध्ये प्रमाण ठरलेल्या पाचव्या आवृत्तीत नावही देता येतं. आजही ‘कर्ल’ या साधनात यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांच्यात फरक फक्त शेवटच्या ‘एच’ या अक्षराचा. एच नसेल तर पत्ता तुम्ही काढता, एच असेल तर प्रॉक्सी काढते. लपूनछपून काम करणाऱ्या पत्रकारासाठी हा फरक जिवाचा असू शकतो. पानं प्रॉक्सीतून येतायत म्हणून तो निर्धास्त असतो, पण नावांची चौकशी त्याच्या घरच्या लाइनवरून उघडपणे चाललेली असते.

उलट बाजूही आहे. तुम्ही नाव प्रॉक्सीला देता तेव्हा तुम्ही कोणकोणती दारं ठोठावताय हे प्रॉक्सीला कळतं. कुलूपवाली, म्हणजे एचटीटीपीएसची वेबसाइट असली तरी ब्राउझरला आधी प्रॉक्सीला सांगावंच लागतं की अमुक नावाशी जोडून दे. आतलं बोलणं तिला कळत नाही, पण दारावरची पाटी कळते. आमच्या लॅबमध्ये काही वेबसाइट बंद असायच्या, त्या याच खिडकीत.

पहाटे चार

परत त्या रात्रीकडे येतो.

कंपनीच्या नियमांच्या फाइलीत लिहिलं होतं की आमच्या वेबसाइटच्या नावासाठी प्रॉक्सी वापरायची. नियम नावावर होता, आकड्यावर नाही. म्हणून ब्राउझरनं माझ्या होस्ट्स फाइलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नाव प्रॉक्सीला दिलं, प्रॉक्सीनं तिच्या वहीत बघितलं आणि तिथं अर्थातच खऱ्या सर्व्हरचा पत्ता होता. पिंगला प्रॉक्सी ठाऊकच नसल्यामुळे ते माझ्या फाइलीवर विसंबलं. पुण्याच्या ऑफिसात ब्राउझर थेट जात होता, म्हणून तिथं कधी काही बिघडलं नव्हतं.

उपाय एका मिनिटाचा निघाला. प्रॉक्सीतून वगळायच्या नावांच्या यादीत ते नाव टाकलं आणि ब्राउझर निमूटपणे माझी फाइल वाचायला लागला.

बॅकअपमधून बहुतेक ऑर्डर्स पहाटे चारपर्यंत परत आल्या. शेवटच्या दोन तासांतल्या आल्या नाहीत. त्या दुसऱ्या दिवशी गोदामातल्या लोकांनी कागदांवरून एकेक करून हातानं भरल्या. लॉकडाऊनमध्ये पास काढून कामावर येणारी माणसं होती ती. माझं नाव त्यांना माहीत नव्हतं, माझ्या चुकीचं काम मात्र त्यांच्या वाट्याला गेलं.

नेटवर्कवाल्या दादाला मी सकाळी फोन केला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, तरी “चूक माझी होती” एवढंच बोलता आलं. तो म्हणाला, “पिंगचा फोटो टाकलास ना, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. मीही घाबरलो होतो.” नंतर ग्रुपवर मी सगळं सविस्तर लिहिलं, कुणाला रात्री काय ऐकावं लागलं त्यासकट.

मला आजही जास्त खटकतं ते डिलीटचं बटण नाही. मला खटकतो तो स्क्रीनशॉट. माझ्याकडे पुरावा होता आणि तो खोटाही नव्हता. फक्त मला जो प्रश्न विचारायला हवा होता, त्याचं ते उत्तर नव्हतं. लॅबच्या काकांनी ते तीन वाक्यांत सांगितलं होतं. मी त्यावर मान डोलावून चहाला गेलो होतो.

तुमच्या फोनमध्येही हे सगळं आहे. अँड्रॉइडमध्ये वायफायच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा रकाना सापडेल. तिथंच सूचनाही असते की ही प्रॉक्सी ब्राउझर वापरेल, बाकीची ॲप्स कदाचित वापरणार नाहीत. म्हणजे एकाच फोनमध्ये एक ॲप अडत्याला विचारणार आणि दुसरं स्वतः शोधणार. २०१८च्या अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाचा पर्यायही आहे. तिथं आपण कुणाला पत्ता विचारायचा ते निवडू शकतो.

आमच्या टीममध्ये खऱ्या सर्व्हरजवळचं कुठलंही काम करण्याआधी वाचायची एक यादी आहे. तिची पहिली ओळ मी २०२०च्या त्या आठवड्यात लिहिली : ‘हे नाव कोण सोडवतंय, तुझा लॅपटॉप की प्रॉक्सी?’ नवीन पोरं येतात, ओळ वाचतात आणि मान डोलावतात. मग मी त्यांना खुर्ची ओढून बसवतो, त्यांच्याच लॅपटॉपवर प्रॉक्सी लावतो, होस्ट्स फाइलीत एक चुकीचा पत्ता लिहायला सांगतो आणि म्हणतो, आता पिंग कर. आणि मग ब्राउझर उघड.